छर्रे आणि वायसर

घडीच्या चाकूविषयी एका धर्मगुरूने लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. चाकू म्हटला की वर्तमानपत्रातील रामपुरीच डोळ्यांसमोर येतो. आमच्या लेखी मात्र चाकू हे आधी एक अवजार आहे. सेमिनरीत असताना बागेचे काम आमच्याकडे होते. गुलाबाची आणि आंब्याची कलमे बांधताना जो घडीचा चाकू हाती आला, त्याची ओढ आजतागायत सुटलेली नाही. आमच्या धर्मग्रामात ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच पुढील प्रसंग घडला, आणि त्यात आमच्या हातून एक चूक झाली.

आमच्या धर्मग्रामातील एका केळीबागायतदाराचा मुलगा आखाती देशात नोकरीला आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात तो रजेवर आला, तेव्हा दोन घडीचे चाकू घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "फादर, बाबांना सत्तर पूर्ण होतात. त्यांना यातला एक द्यायचा आहे. कोणता देऊ ते तुम्ही सांगा, दुसरा तुम्हांला ठेवा."

दोन्ही चाकू एकाच लांबीचे होते, पोलादही जवळपास सारखेच. फरक होता तो फक्त सांध्यात. एकाच्या सांध्यात बेअरिंग होते, दुसऱ्याच्या सांध्यात वायसर. आम्ही पहिला हातात घेतला. पात्याच्या मागील टोकाला बोटाने नुसते दाबले आणि पाते सरकन उघडून खट्‌कन बसले. दुसऱ्याला अंगठ्याने रेटावे लागले. तो उघडला, परंतु रखडत, जणू मनाविरुद्ध. दोन मिनिटांत आम्ही निकाल देऊन टाकला. "बेअरिंगचा द्या. बाबांचे हात आता थकले आहेत. त्यांना जोर लावायला नको."

सल्ला प्रेमाने दिलेला होता. तो चुकीचा का ठरला, हे समजण्यासाठी घडीच्या चाकूचा सांधा थोडा समजून घ्यावा लागेल.

घडीच्या चाकूचे पाते मुठीच्या दोन भिंतींमध्ये एका आसावर फिरते. या सांध्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. पाते इकडेतिकडे जराही हलू नये, आणि तरीही ते सुखाने उघडावे-मिटावे. आस घट्ट आवळला तर पाते अडते आणि सैल सोडला तर डुगडुगते. शिवाय पाते थेट मुठीच्या धातूवर घासू लागले, तर दोन्ही खरवडले जातात. म्हणून पाते आणि भिंत यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना काहीतरी घालावे लागते. ते काय घालावे, हाच सारा प्रश्न.

जुने आणि साधे उत्तर म्हणजे वायसर, मध्ये भोक असलेली पातळ चकती. चांगल्या चाकूत ती बहुधा फॉस्फर ब्राँझची असते, म्हणजे तांबे, कथील आणि किंचित फॉस्फरस यांच्या मिश्रणाची. स्वस्त चाकूत नायलॉनची असते. पाते या चकतीवर घासत फिरते. पृष्ठभागाला पृष्ठभाग लागलेला असतो आणि मध्ये तेलाचा एक पातळ थर असतो. घर्षण आहेच, ते लपत नाही. नवा चाकू म्हणून कडक वाटतो. मात्र रोजच्या वापराने चकती आणि पाते एकमेकांना घोटून गुळगुळीत करतात, आणि काही आठवड्यांत तोच चाकू मऊ चालू लागतो.

दुसरे उत्तर म्हणजे बेअरिंग. सायकल दुरुस्त करणारा ज्यांना छर्रे म्हणतो, तशाच पण साधारण दीड मिलिमीटरच्या गोळ्या एका कड्यात बसवलेल्या असतात. पाते त्यांच्यावर घासत नाही, त्या पात्याखाली घरंगळतात. भाताचे पोते ओढत नेणे आणि पिंप घरंगळवत नेणे यांत जो फरक, तोच येथे. छर्रा एका बिंदूपुरताच टेकतो, त्यामुळे आस घट्ट आवळूनही पाते सहज फिरते. परंतु सारा भार अशा मोजक्या बिंदूंवर येत असल्यामुळे, मूठ टायटॅनियमसारख्या तुलनेने मऊ धातूची असेल तर छर्रे तिच्यात चर पाडतात. म्हणून त्यांच्याखाली कठीण पोलादाची चकती द्यावी लागते.

ही कल्पना आजची नव्हे. रोमजवळ, पोपमहोदयांच्या कास्तेल गांदोल्फो येथील निवासस्थानापासून फार दूर नसलेले नेमी नावाचे सरोवर आहे. ते उपसून १९२९ ते १९३२ या काळात सम्राट कॅलिगुलाच्या दोन प्रचंड नौका वर काढण्यात आल्या. तेथे गोल फिरणाऱ्या एका चौथऱ्याचे अवशेष मिळाले, आणि त्या चौथऱ्याखाली काशाचे गोळे होते. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस छर्र्यांच्या बेअरिंगच्या आकृत्या काढल्या. त्यांची वही आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १७९४ मध्ये वेल्समधील फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी छर्र्यांचे पेटंट घेतले. १८६९ मध्ये पॅरिस ते रूआँ ही सायकलशर्यत जेम्स मूर याने छर्रे बसवलेल्या सायकलवरून जिंकली. पुढे १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रिडरिश फिशर याने पोलादी छर्रे एकसारखे घासून गोल करणारे यंत्र तयार केले आणि छर्रे जगभर पोहोचले. घडीच्या चाकूत मात्र ते उशिरा, अलीकडच्या काही दशकांतच रुजले. एका बोटाने पाते झटकन उघडण्याची आवड वाढली, तसे ते वाढले.

हे सारे आम्हांला मे महिन्यातही ठाऊक होते. तरीही निकाल चुकला.

सप्टेंबरमध्ये त्या मुलाचा दूरध्वनी आला. आवाजात दुखावलेपण होते. बहिणीकडून त्याला कळले होते की बाबा तो चाकू वापरत नाहीत. ते पुन्हा जुना कोयता घेऊनच वाडीत जातात. "फादर, मी आणलेले बाबांनी कधी वापरलेच नाही. घड्याळ आणले, ते कपाटात. चाकू आणला, तोही कपाटात. माझ्या कमाईची वस्तू त्यांना नकोच असते." आम्ही समजुतीचे चार शब्द बोललो. बोलताना मनात मात्र म्हाताऱ्याच्या हट्टी स्वभावालाच दोष देत होतो.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. एका संध्याकाळी प्रार्थनेसाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो. प्रार्थना संपली, माणसे पांगली. आम्ही सहज म्हणून चाकूचा विषय काढला. बाबा उठले, आल्ताराखालच्या फडताळातून एक पुरचुंडी घेऊन आले. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात चाकू गुंडाळलेला होता. वर खोबरेल तेलाचा हात फिरवलेला. आम्ही उघडायला गेलो, तर पाते अर्ध्यावर येऊन करकरले आणि थांबले.

बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "फादर, पोराला सांगू नका. एवढ्या लांबून आणला त्याने. माझ्याच हाताने बिघडला. आम्हां वाडीतल्या माणसांना असली नाजूक वस्तू सांभाळता येत नाही." आणि मग थोडे थांबून, "जून-जुलै दोन महिने रोज वापरला. फार चांगला होता."

म्हणजे मुलगा बापाला दोष देत होता, बाप स्वतःला दोष देत होता, आणि खरा दोषी समोरच्या खुर्चीवर चहा पीत बसला होता.

चाकू आम्ही धर्मगुरुनिवासात आणला. ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू काढून टेबलावर उघडला. छर्रे ज्या कड्यात बसतात ते कडे काळ्या चिकट थराने भरलेले होते. तो केळीचा चीक होता. त्यात आमच्या किनारपट्टीची बारीक रेती मिसळलेली होती, आणि वरून दिलेल्या खोबरेल तेलाने आणखी धूळ धरून ठेवली होती. पावसाळ्याच्या दमट, खाऱ्या हवेने पोलादी छर्र्यांवर तांबेरा चढलेला होता. कडे ठिसूळ होऊन एका बाजूला तुटले होते. ते उचलताना तीन छर्रे घरंगळत जमिनीवर गेले. वेदीसेवक मुलांनी चुंबक फिरवून दोन शोधून काढले, तिसरा अजून सापडलेला नाही.

टेबलापाशी बसून आम्ही विचार करू लागलो. बेअरिंगमध्ये काहीच दोष नव्हता. छर्र्याला मोकळी जागा लागते. त्याच्या भोवती पोकळी असते म्हणूनच तो फिरतो, आणि तीच पोकळी रेतीला व चिकाला आत घेते. घरंगळण्याच्या वाटेवर रेतीचा एक कण आला तरी छर्रा अडखळतो. वायसरचे तसे नसते. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना भिडलेले असल्याने घाणीला आत शिरायला फारशी वाटच नसते. एखादा कण शिरलाच, तर मऊ ब्राँझ त्याला आपल्यात रुतवून घेते आणि फिरणे चालू राहते. चाकू जड चालेल, पण सहसा थांबणार नाही. बिघडला तर घरच्या घरी उघडून पुसता येतो. आत हरवण्यासारखे काही नसते.

ज्यांना कामाचे अवजारच करायचे होते, त्यांना हे कळले होते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील आयडाहो राज्यात स्थायिक झालेले ख्रिस रीव्ह यांनी सेबेंझा नावाचा घडीचा चाकू प्रसिद्ध केला. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ 'काम' असा आहे. त्या महागड्या आणि अत्यंत काटेकोर चाकूत छर्रे घालणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी फॉस्फर ब्राँझचे वायसरच वापरले.

फ्रान्समधील साव्हॉय प्रांताचे उदाहरण याहून साधे आहे. तेथे जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी घडीचा चाकू तयार केला. लाकडी मुठीला एक खाच, त्यात पाते आणि आरपार एक खिळा. छर्रे नाहीत, वायसरही नाही. पाते लाकडावरच घासते. पावसात लाकूड फुगते आणि पाते खाचेत अडकून बसते. तेव्हा तिकडचा शेतकरी मुठीचा मागचा भाग दगडावर किंवा टेबलावर ठोकतो, त्या हादऱ्याने पाते बाहेर डोकावते आणि बोटात धरून उघडता येते. या युक्तीला साव्हॉयच्या नावानेच ओळखतात. या चाकूच्या पात्यावर मुकुट धारण केलेल्या हाताचे चिन्ह असते. मुकुट साव्हॉयच्या सरदारघराण्याचा. आशीर्वाद देणारा हात हा जवळच्या सेंट-जाँ-द-मोरिएन नगराच्या चिन्हातील आहे. त्या नगरात संत योहान बाप्तिस्ता यांच्या बोटांचे अवशेष जतन केले आहेत, अशी परंपरा आहे. रानात राहणाऱ्या, उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणाऱ्या त्या संताचा हात एका शेतकऱ्याच्या साध्या चाकूवर असावा, हे आम्हांला फार समर्पक वाटते.

ओपिनेलने आधी आपल्या डोंगरातला शेतकरी पाहिला आणि मग सांधा ठरवला. आम्ही आधी सांधा पाहिला. पंख्याखाली बसून, स्वच्छ टेबलावर, दोन कोरे चाकू उघडून पाहिले आणि जो आमच्या हाताला सोपा वाटला तो दुसऱ्याच्या कामासाठी निवडला. बाबा या चाकूने काय कापणार, कोठे ठेवणार, कोणत्या ऋतूत वापरणार, यांपैकी एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. ज्या माणसाच्या वाडीतून आम्ही वीस वेळा तरी गेलो असू, त्याच्या वाडीतला चीक आणि रेती आम्हांला आठवली नाही. शिवाय वायसरचा कडकपणा आम्ही पहिल्या दिवशीच मोजला. तो थोड्या दिवसांचा असतो, हे ठाऊक असूनही.

दुसऱ्या शतकातील संत जस्टिन हुतात्मा यांनी लिहून ठेवले आहे की, प्रभू येशू सुतारकाम करीत असता नांगर आणि जुवे तयार करीत असे. सेमिनरीत हे वाचले, तेव्हा आम्हांला त्यात केवळ एक गोड माहिती दिसली होती. आता वाटते की, जू करणाऱ्या सुताराला बैलाच्या मानेचे माप घ्यावेच लागत असणार. एका बैलाला बसणारे जू दुसऱ्याच्या खांद्याला जखम करते. माप न घेता केलेले जू कितीही गुळगुळीत असले, तरी ते चांगले जू नव्हे.

येथे आम्हांला चाकूपलीकडचे काही आठवले, आणि ते लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. माणसे आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात. नवराबायकोचे पटत नाही, भावाभावांत वाडीच्या वाटणीचा तंटा आहे, मुलीला परदेशी जायचे आहे. पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही सल्ले देत आलो आहोत. त्यांतील कितीतरी सल्ले बेअरिंगसारखे सरकन उघडणारे होते. ऐकणाऱ्याला बरे वाटले, आम्हांलाही बरे वाटले. ते सल्ले घेऊन ती माणसे ज्या घरात गेली, त्या घरातला चीक आणि रेती आम्ही विचारली होती का? आणि जे परत आले नाहीत, त्यांच्याविषयी त्यांना मार्ग सापडला असेल असे आम्ही समजत होतो. त्यांच्यापैकी किती जणांनी तो सल्ला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवला असेल आणि स्वतःलाच दोष दिला असेल, हे परमेश्वराला ठाऊक.

त्या रात्री आम्ही मुलाला दूरध्वनी केला. पापनिवेदन ऐकणाऱ्याला पापनिवेदन करणे जड जाते, हे कबूल केले पाहिजे. वायसरप्रमाणे आम्हीही थोडे रखडलो. मग सरळ सांगितले, "तुमच्या बाबांनी चाकू दोन महिने रोज वापरला. त्यांना तो फार आवडला होता. तो बिघडला याचे कारण तुमचे बाबा नव्हेत, चाकूही नव्हे. निवड आमची चुकली." पलीकडे बराच वेळ शांतता होती. नंतर त्याने विचारले, "मग त्यांनी मला सांगितले का नाही?" आम्ही म्हणालो, "तुम्ही तरी त्यांना कोठे विचारले? तुम्ही आम्हांला विचारले, आणि आम्हीही त्यांना विचारले नाही."

दुसऱ्या दिवशी वायसरचा चाकू घेऊन आम्ही वाडीत गेलो. पाच महिने तो आमच्याकडे होता. पाकिटे फोडणे, मेणबत्त्यांचे टोक तासणे, फळे कापणे असा रोजचा वापर झाल्यामुळे त्याचा कडकपणा बहुतेक गेला होता. बाबांनी प्रथम नकार दिला. "पोराने तुम्हांला दिलेला आहे तो." आम्ही सांगितले की ही अदलाबदल आहे, उपकार नव्हे. त्यांनी तो उघडून पाहिला, अंगठ्याने पाते पुन्हा मिटले, मग समोरच्या केळीचे एक पान कापले आणि चाकू कनवटीला लावला. महिन्यातून एकदा दोन थेंब तेल द्यावे आणि चीक सुकण्याआधी पाते पुसावे, एवढेच आम्ही सांगितले. तेवढे ते आधीपासूनच जाणत होते.

बेअरिंगचा चाकू आज आमच्या टेबलाच्या खणात आहे. मुलाने तिकडून नवे कडे पाठवले, त्यात छर्रे सिरॅमिकचे आहेत, म्हणजे गंजाची भीती नाही. कोरड्या खोलीत, कागदाच्या कामाला, दिवसातून दहा वेळा उघडायला-मिटायला याच्यासारखा चाकू नाही. बोट लावावे आणि पाते यावे. तो त्याच्या जागी आला आहे.

या वर्षी मे महिन्यात मुलगा पुन्हा रजेवर आला. रविवारच्या मिस्सानंतर बापलेक दोघे भेटायला आले. बाबांनी खिशातून चाकू काढून मुलाच्या हातात ठेवला. मूठ चिकाने काळवंडली होती, पात्याला ठिकठिकाणी दगडाची धार लागल्याच्या खुणा होत्या. मुलाने अंगठ्याने रेटताच पाते आवाज न करता उघडले. तो म्हणाला, "बाबा, हा तर त्याच्याहून हलका चालतो आता."

बाबा म्हणाले, "चालणारच. तू फोनवर विचारतोस ना हल्ली, तेव्हा त्याला तेल द्यायची आठवण होते."